बोद्रुम : खाणेपिणे आणि रात्र

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला, मूला प्रांतात, एजियन समुद्रात घुसलेल्या द्वीपकल्पावर बोद्रुम हे बंदराचे गाव वसले आहे. प्राचीन हालिकार्नासस ते हेच. इतिहासकार हेरोडोटसचा जन्म इथला, आणि प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेली राजा मौसोलसची कबरही इथलीच. त्या कबरीचे दगड पुढे सेंट जॉन या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या सरदारांनी किल्ल्यासाठी वापरले. हा किल्ला बंदराच्या तोंडाशी आजही उभा आहे आणि गावातल्या निम्म्याअधिक जेवणाच्या टेबलांवरून दिसतो. बोद्रुम बहुतेकांना डिस्को आणि नौकांसाठी माहीत असते. पण इथली रात्र खरी रंगते ती जेवणाच्या टेबलावर, आणि ते टेबल काही शतकांच्या गरिबीतून आणि स्थलांतरातून मांडले गेले आहे.

1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. बोद्रुमचे ग्रीक ख्रिस्ती गेले आणि क्रीट बेटावरचे मुसलमान इथे आले. समुद्रातून स्पंज काढणे, मासेमारी आणि थोडीफार शेती एवढ्यावर जगणाऱ्या या गावात क्रीटच्या लोकांनी रानभाज्यांचे ज्ञान आणले. मोहरीचा कोवळा पाला, रानमुळ्याची पाने, खाजकुयलीसारखी झोंबणारी पण शिजली की निवणारी नेटल, असे काय काय ते उकडत, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून खात. आज महागड्या उपाहारगृहांत मिरवणारी ‘एजियन भाजी’ ती हीच. आपल्याकडची घोळसुद्धा इथे आहे. तिला ‘सेमिझोतू’ म्हणतात आणि ती कच्चीच, लसूण घातलेल्या घट्ट दह्यात कालवून वाढतात. ‘देनिझ ब्योरुल्जेसी’ म्हणजे समुद्राची चवळी. नावापुरतीच चवळी, मुळात ती खाऱ्या चिखलात वाढणारी मांसल काड्यांची वनस्पती, आपल्या खाडीकाठच्या मोरस भाजीच्या कुळातली. उकडून बोटांनी ओढली की मधली कडक शीर निघून येते आणि हिरवा खारट गर हाती राहतो.

हे सारे ज्या वाट्यांतून येते त्यांना ‘मेझे’ म्हणतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘चव’, आणि आपला ‘मजा’ हा शब्दही तिथूनच आलेला. मेझेला चखणा म्हणणे मला पटत नाही, कारण चखणा दारूसाठी असतो आणि इथे बऱ्याचदा उलटे असते. वेटर मोठा ट्रे घेऊन येतो, त्यावरच्या दहा-पंधरा बशा दाखवतो आणि आपण बोटाने निवडायच्या. त्यात पुदिना-लसणाचे चक्क्यासारखे दही ‘हायदारी’ असते, वाटलेल्या बाकल्याची ‘फावा’, खारवलेल्या बोनिटो माशाचे ‘लाकेर्दा’, कोळशावर भाजलेला ऑक्टोपस. बोद्रुमचे खास म्हणजे भोपळवर्गीय फुलांचे दोल्मा, म्हणजे आत भात भरलेली फुले. ही फुले पहाटे, उमललेली असतानाच खुडावी लागतात. ऊन चढले की ती मिटतात आणि मग त्यांत भात भरता येत नाही. कांदा, बडीशेपेच्या पाल्यासारखा शेपू आणि तांदूळ चमच्याने आत सरकवून पाकळ्यांची टोके दुमडायची आणि एकेक फूल पातेल्यात दाटीवाटीने मांडायचे. पानभर जेवणाआधी एका घासात संपणाऱ्या या पदार्थामागे कुणाची तरी पहाट खर्ची पडलेली असते.

मांसाहारात गावाचे नाव सांगणारा पदार्थ म्हणजे चोकेर्त्मे कबाब. काडीसारखे बारीक चिरून कुरकुरीत तळलेले बटाटे खाली, त्यावर लसणीचे दही, वर वासराच्या मांसाच्या परतलेल्या पट्ट्या आणि टोमॅटोचा रस. दह्याने बटाटे मऊ पडण्याआधी खायचा. चोकेर्त्मे हे जवळच्या एका उपसागराचे नाव. त्याच नावाचे लोकगीत साऱ्या तुर्कस्तानात गायले जाते आणि रात्री उशिरा ते वाजले की माणसे हात पसरून संथ गतीचा झेयबेक नाच धरतात.

मासळीत लेव्रेक आणि चिपुरा हे दोन मासे सगळीकडे दिसतात. मूला प्रांतात मत्स्यशेतीचे मोठे जाळे आहे, त्यामुळे ताटातला मासा समुद्रातला की पिंजऱ्यातला हे विचारण्यात गैर काहीच नाही. स्थानिक लोकही विचारतात. मासा बर्फावर मांडलेला असतो, वजनावर विकला जातो, आणि भाव आधी ठरवून घेणे शहाणपणाचे.

या टेबलावरचे पेय राकी. द्राक्षांच्या मद्यार्कात बडीशेपेसारख्या वासाचे ॲनिस घालून तांब्याच्या भट्टीत ती पुन्हा गाळतात. नाव ‘अर्क’ याच अरबी शब्दापासून आले. मद्याचे प्रमाण साधारण 45 टक्के. उंच, अरुंद ग्लासात आधी राकी, मग पाणी, शेवटी बर्फ, हा क्रम लोक मनापासून पाळतात. पाणी पडताच ॲनिसचे तेल विरघळेनासे होते आणि स्वच्छ पेय दुधी होते. म्हणून तिला ‘सिंहाचे दूध’ म्हणतात. सोबत पांढरे खारट चीज आणि खरबूज हवेच. राकी घटाघट पीत नाहीत. मेयहाने म्हणजे राकी-मेझेची खाणावळ, आणि तिथली बैठक तीन-चार तास सहज चालते. क्लॅरिनेट, ‘कानून’ नावाचे तंतुवाद्य आणि दारबुका हा ढोल घेऊन वादक टेबलाटेबलांतून फिरतात आणि शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोकही गाण्यात सामील होतात. उगाच आवाज चढवणारा, पिऊन भान सोडणारा इथे हलका समजला जातो.

गावात रात्रीचे दोन काठ आहेत. मरिनाच्या बाजूचा रस्ता नेयझेन तेवफिकच्या नावाचा. 1879 मध्ये बोद्रुममध्येच जन्मलेला हा बासरीसारखे ‘ने’ वाजवणारा कवी आपल्या उपरोधिक कवितेइतकाच पिण्यासाठीही प्रसिद्ध होता. किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूला जुम्हुरियेत रस्ता कुम्बाहचे मोहल्ल्याकडे जातो. लोक त्याला ‘बारची गल्ली’ म्हणतात. 1979 साली सुरू झालेला उघड्यावरचा हालिकार्नास क्लब याच भागात होता आणि पुढची कित्येक वर्षे बोद्रुमची रात्र म्हणजे तोच, असे समीकरण होते. आता तो उरलेला नाही. याच भागात गायक झेकी म्युरेनचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. 1996 मध्ये वारलेला हा कलावंत आयुष्याच्या उत्तरार्धात बोद्रुमला येऊन राहिला आणि मेयहान्यात त्याची गाणी वाजली नाहीत अशी रात्र विरळा.

पण पाहुण्यांना इथे आणणारा पहिला माणूस गायक नव्हता. लेखक जेवात शाकीर याला 1925 मध्ये हद्दपारीची शिक्षा म्हणून इथे पाठवले गेले. शिक्षा संपल्यावर तो आपणहून परतला आणि ‘हालिकार्नाससचा कोळी’ या नावाने लिहू लागला. मित्रांना घेऊन तो स्पंजवाल्यांच्या होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने भटके. सोबत चीज, कडक पाव, तंबाखू आणि राकी, बस. या भटकंतीला ‘निळा प्रवास’ हे नाव पडले. आजच्या आचारी-वातानुकूलन असलेल्या गुलेत नौकांचा उगम त्या होड्यांत आहे.

द्वीपकल्पावरच्या इतर गावांची तऱ्हा वेगळी. ग्युम्युश्ल्युकला प्राचीन मिंडोसचे अवशेष असल्याने बांधकामावर बंधने आहेत. तिथे पाण्याच्या कडेला टेबले आणि वर कोरलेल्या भोपळ्यांचे दिवे लटकतात. त्युर्कब्युक्युला लाकडी धक्क्यांवर बीच क्लब आहेत आणि तिथली दरपत्रके इस्तंबूलच्या धनिकांसाठी लिहिलेली आहेत. गावच्या कोळ्याला आपल्याच काठावर बसून जेवणे परवडू नये, ही या उन्हाळ्यांची मला सर्वांत बोचणारी बाजू वाटते.

दारूवर विशेष उपभोग कर जबर आहे. 2013 च्या कायद्याने दुकानांतून रात्री 10 ते सकाळी 6 दारू विकायला बंदी आहे. बार आणि उपाहारगृहांना ही वेळ लागू नाही. महागाईमुळे भेसळीची राकी तुर्कस्तानात बळी घेत आली आहे, म्हणून सीलबंद बाटलीखेरीज काही घेऊ नये.

मध्यरात्रीनंतर रस्त्यावर मिद्ये दोल्मा मिळते, म्हणजे मसालेभात भरलेल्या तिसऱ्यांसारख्या मोठ्या शिंपल्या. विक्रेता अंगठ्याने शिंपली फोडतो, वरच्या कवचाने भात सुटा करतो, लिंबू पिळतो आणि हातात देतो. खाऊन होताच दुसरी पुढे येते. ‘तामाम’ म्हणेपर्यंत हात थांबत नाही आणि हिशोब रिकाम्या कवचांवरून होतो. कुणी कोळशावर भाजलेली आतडी, ‘कोकोरेच’, पावात घालून खातो. कुणी पहाटे वजडीचे लसूण-व्हिनेगर घातलेले सूप पिऊन घरी जातो.

ऑक्टोबर सरला की बीच क्लबांचे धक्के उचलले जातात, बरीच उपाहारगृहे कुलूप लावतात. मग बितेझच्या बागांत बोद्रुमची छोटी, बियांची, घमघमणारी संत्री पिकू लागतात. घरे बांधायला तोडल्या गेल्याने या बागा कमी होत चालल्या आहेत. पहिल्या पावसानंतर क्रीटवाल्यांच्या नाती-सुना चाकू आणि पिशवी घेऊन टेकड्यांवर भाजी खुडायला निघतात.