करारातला दंड कोणी भरायचा? टेक्सस ए अँड एम आणि फुटबॉल प्रशिक्षकांच्या मुदतवाढीची पार्श्वभूमी

११ नोव्हेंबर २०२३ रोजी, शनिवारी, टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने मिसिसिपी स्टेटचा ५१-१० असा फडशा पाडला आणि दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना घरी पाठवले. करार मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल त्यांना सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर द्यावे लागणार होते. अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये, म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉलमध्ये, काम न करण्यासाठी एवढी रक्कम तोवर कोणालाही मिळाली नव्हती. या रकमेचा मोठा भाग त्यांना मुळात नेमताना केलेल्या करारातून आलेला नव्हता. तो २०२१ मध्ये दिलेल्या मुदतवाढीतून आला होता. याच विद्यापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या माइक एल्को यांनाही मुदतवाढ दिली. प्रशिक्षक मुदतवाढीला पात्र आहे का, हा प्रश्न अशा प्रत्येक वेळी हार-जितीचे आकडे पुढे ठेवून विचारला जातो. परंतु मुदतवाढ ही गेल्या हंगामाची बक्षिसी म्हणून कधी रूढच झाली नाही, आणि तिचा इतिहास पाहिल्याशिवाय हा प्रश्न नीट मांडताही येत नाही.

प्रशिक्षकाच्या पगारावरून होणारी कुरकुर मात्र फार जुनी आहे. हार्वर्डने १९०५ मध्ये बिल रीड यांना ७,००० डॉलरवर नेमले, तेव्हा ती रक्कम विद्यापीठातील कोणत्याही प्राध्यापकाच्या पगारापेक्षा जास्त होती आणि विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या पगाराच्या जवळ जात होती. एलियट हे फुटबॉलचे कडवे विरोधक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नेमणुकीतली गंमत कळते. त्यानंतरची कित्येक दशके प्रशिक्षकाचा पगार वाढत राहिला, पण तो विद्यापीठाच्या पगारपत्रकात मावेल इतपतच.

ही चौकट मोडली ती टेक्सस ए अँड एमनेच, १९८२ मध्ये. कॉलेज स्टेशन या गावातील या विद्यापीठाची ओळख शेतकी, अभियांत्रिकी आणि लष्करी शिक्षणाची. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांनाही एक लाखाहून अधिक प्रेक्षक सामावणारे त्याचे काईल फील्ड हे मैदान परिचयाचे असेल. त्या जानेवारीत विद्यापीठाच्या धुरीणांनी प्रथम मिशिगनचे बो शेम्बेक्लर यांच्याकडे गळ टाकून पाहिला. त्यांनी नकार दिल्यावर पिट्सबर्गहून जॅकी शेरिल यांना सहा वर्षांसाठी १७ लाखांहून अधिक डॉलर देऊन आणले. वर्षाला सुमारे २ लाख ८७ हजार डॉलर हा आकडा प्रसिद्ध होताच शिक्षणक्षेत्रात देशभर गदारोळ उठला. शेरिल यांनी १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे साउथवेस्ट कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विजेतेपद मिळवून दिले आणि १९८८ च्या अखेरीस, नियमभंगाबद्दल विद्यापीठावर कारवाई झाल्यानंतर, राजीनामा दिला. त्यांचा करार आज किरकोळ वाटतो, परंतु प्रशिक्षकाची किंमत विद्यापीठ ठरवत नसून बाजार ठरवतो, ही गोष्ट त्या दिवसापासून उघड झाली.

बाजारात पैसा आला तो न्यायालयाच्या दारातून. तोवर दूरचित्रवाणीवर कोणाचे किती सामने दाखवायचे याची सूत्रे एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या मध्यवर्ती संघटनेच्या हाती होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. पुढे कॉन्फरन्सनी आपापले प्रक्षेपण हक्क विकायला सुरुवात केली. बाहेरून येणारा पैसा वाढत होता. खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यायचे नाही असा नियम होता. विद्यापीठाच्या खेळविभागाला भागधारक नसल्यामुळे नफा वाटण्याचाही प्रश्न नव्हता. मग तो पैसा मैदाने, कसरतीच्या इमारती आणि प्रशिक्षक यांच्याकडे वळला यात नवल नाही. २००७ मध्ये अलाबामाने निक सेबन यांना आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलर देऊ केले, तोपर्यंत वर्षाला दहा लाखांचा टप्पा मागे पडून दशक उलटले होते.

पगार का वाढला हे यातून कळते, पण करार चालू असताना, तो संपायला बरीच वर्षे असताना, त्याची मुदत का वाढवायची, हे त्यातून कळत नाही. त्याचे कारण भरतीत आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षातला सतरा वर्षांचा मुलगा चार-पाच वर्षांसाठी विद्यापीठ निवडतो, आणि निवडताना तो विद्यापीठापेक्षा प्रशिक्षकाकडे पाहतो. करारात दोनच वर्षे उरली असली, की प्रतिस्पर्धी संघाची माणसे त्या मुलाच्या घरच्या बैठकीत बसून सांगतात, की तू तिसऱ्या वर्षाला जाशील तेव्हा हे गृहस्थ तिथे नसतील. त्यामुळे करारात निदान चार वर्षे शिल्लक असलीच पाहिजेत असा अलिखित दंडक तयार झाला. या अर्थाने मुदतवाढ ही प्रशिक्षकाला दिलेली नसते, ती त्या मुलाच्या आईवडिलांना दाखवण्यासाठी असते. मुदत वाढवली नाही तर तेवढ्यानेच अविश्वासाची बातमी होते, आणि भरती ढासळली की पुढचे पराभव ओघाने येतात.

या टप्प्यावर करारातला दंड कोणाच्या विरोधात होता, हे पाहण्यासाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा खटला वाचण्याजोगा आहे. टेनेसीतील या विद्यापीठाने डिसेंबर १९९० मध्ये जेरी डिनार्डो यांच्याशी पाच वर्षांचा करार केला. संघाला स्थैर्य हवे, म्हणून त्यात असे कलम होते की डिनार्डो मध्येच सोडून गेले तर उरलेल्या प्रत्येक वर्षाच्या निव्वळ पगाराइतकी भरपाई त्यांनी विद्यापीठाला द्यावी. ऑगस्ट १९९४ मध्ये संघ बेल बकल या गावी सराव करत असताना क्रीडा संचालक पॉल हूलहान दोन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद घेऊन तिथे गेले. डिनार्डो यांनी सही केली, परंतु आपल्या वकील भावाने कागद पाहिल्याशिवाय तो अंतिम समजू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये ते लुइझियाना स्टेटला, म्हणजे एलएसयूला, निघून गेले आणि व्हँडरबिल्टने दावा ठोकला. खालच्या न्यायालयाने विद्यापीठाला २ लाख ८१ हजारांहून अधिक डॉलर मंजूर केले. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने भरपाईचे मूळ कलम वैध ठरवले. प्रशिक्षक गेल्याने भरती, तिकीटविक्री आणि माजी विद्यार्थ्यांचे संबंध यांची होणारी हानी आधी मोजता येत नाही, म्हणून आधीच ठरवलेली रक्कम रास्त आहे, असा त्या निकालाचा रोख होता. मुदतवाढीचा भाग मात्र, भावाची संमती ही पूर्वअट होती की नाही याची तथ्ये तपासण्यासाठी, परत पाठवण्यात आला. (निकाल लागला त्याच वर्षी एलएसयूनेही डिनार्डो यांना काढून टाकले.) या सगळ्या प्रकरणात विद्यापीठाला भीती होती ती प्रशिक्षक निघून जाण्याची, आणि दंडाचे कलम होते ते त्याला धरून ठेवण्यासाठी.

पुढच्या वीस वर्षांत याच कलमाने तोंड फिरवले. प्रशिक्षकाने सोडून जाताना भरायची रक्कम तुलनेने लहान राहिली, कारण ती बहुधा त्याला नेणारे नवे विद्यापीठच चुकते करते. २००७ मध्ये रिच रॉड्रिग्ज वेस्ट व्हर्जिनियाहून मिशिगनला गेले तेव्हाच्या ४० लाखांपैकी २५ लाख मिशिगनने भरले. उलट विद्यापीठाने काढून टाकताना द्यायची रक्कम फुगत गेली. नोटर डेमचे चार्ली वाइस हा त्याचा गाजलेला नमुना होय. ऑक्टोबर २००५ मध्ये, मुख्य प्रशिक्षक म्हणून अवघे सात सामने खेळवून झालेले असताना आणि त्यांतले पाच जिंकलेले असताना, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध ३४-३१ अशी निसटती हार झाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, त्यांना २०१५ पर्यंतचा दहा वर्षांचा करार मिळाला. व्यावसायिक संघ त्यांना नेतील ही धास्ती त्यामागे होती. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांना काढले आणि नोटर डेम पुढची कित्येक वर्षे त्यांना पैसे देत राहिले, एकूण सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर. हरलेल्या सामन्यानंतर मिळालेली ही मुदतवाढ पाहिली, की पात्रतेचा निकष किती सैल होता हे ध्यानात येते.

टेक्सस ए अँड एमने हाच धडा स्वतःच्या पैशाने दोनदा गिरवला. २०१२ मध्ये ते साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये दाखल झाले आणि पहिल्याच हंगामात केविन समलिन यांच्या संघाने ११ सामने जिंकले, अलाबामाला त्यांच्याच मैदानावर हरवले. २०१३ च्या अखेरीस समलिन इतरत्र जाणार अशी कुजबुज सुरू होताच त्यांना वर्षाला ५० लाख डॉलरचा सहा वर्षांचा नवा करार देण्यात आला. नंतरचे तीन हंगाम एकाच साच्यातले निघाले, प्रत्येक वेळी ८ विजय आणि ५ पराभव. २०१७ मध्ये त्यांना निरोप देताना १ कोटीहून अधिक डॉलर मोजावे लागले.

त्यांच्या जागी डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या फिशर यांच्याकडे फ्लोरिडा स्टेटला मिळवून दिलेले २०१३ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद होते. त्यांना दहा वर्षांसाठी ७ कोटी ५० लाख डॉलर, तेही पूर्ण हमीसह, म्हणजे मध्येच काढले तरी सारी रक्कम देण्याच्या बोलीवर, देण्यात आले. हा करार करणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड पुढे दोन वर्षांतच एलएसयूला गेले. विद्यापीठ समूहाचे कुलपती जॉन शार्प यांनी तर फिशर यांना राष्ट्रीय विजेतेपदाचा फलक आधीच भेट दिला, त्यावर वर्षाचे शेवटचे दोन अंक भरायचे तेवढे कोरे ठेवले होते. २०२० मध्ये संघ ९-१ (९ विजय, १ पराभव) अशा कामगिरीसह देशात चौथा आला. १ सप्टेंबर २०२१ रोजी फिशर यांचा करार २०३१ पर्यंत वाढवला गेला आणि पगार वर्षाला ९० लाखांवर नेण्यात आला.

हा निर्णय वरच्या दंडकाला धरून तपासावा. त्या दिवशी फिशर यांच्या मूळ करारात अजून सहाहून अधिक वर्षे बाकी होती, म्हणजे भरतीसाठी मुदतवाढीची मुळीच गरज नव्हती. ते जातील ही भीती धरली, तर तिच्यावरचा उपाय म्हणजे जाणाऱ्याने भरायचा दंड वाढवणे. पण हमीची सारी रक्कम विद्यापीठाच्याच माथी आली. शिवाय त्यांना दुसरीकडे नोकरी लागली तर तिथला पगार या देण्यातून वजा करावा अशी तरतूदही नव्हती. माझ्या मते फिशर पात्र होते की नव्हते हा वाद येथे गौण ठरतो, कारण ज्या कारणासाठी मुदतवाढ असते ते कारणच हजर नव्हते. २०२२ च्या भरतीत देशातील सर्वोत्तम गणला गेलेला खेळाडूंचा ताफा आला हे खरे. त्याच हंगामात घरच्या मैदानावर ॲपलेचियन स्टेटकडून १७-१४ असा पराभव झाला आणि संघ ५-७ वर थांबला. फिशर यांची एकूण नोंद ४५ विजय आणि २५ पराभव अशी राहिली.

२०२१ ची शरद ऋतूतली ही लाट एका विद्यापीठापुरती नव्हती. मिशिगन स्टेटने मेल टकर यांना दहा वर्षांसाठी ९ कोटी ५० लाख, तर पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना २०३१ पर्यंतचा करार दिला, आणि एलएसयूत पोहोचलेल्या वुडवर्ड यांनी ब्रायन केली यांना दहा वर्षांसाठी ९ कोटी ५० लाखांवर आणले. टकर यांना २०२३ मध्ये गैरवर्तनाच्या कारणावरून बडतर्फ केल्यामुळे मिशिगन स्टेटने पुढची रक्कम दिली नाही. फ्रँकलिन आणि केली या दोघांनाही ऑक्टोबर २०२५ मध्ये काढण्यात आले. केली यांचे देणे सुमारे ५ कोटी ४० लाखांचे होते, आणि लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी जाहीरपणे सांगितले की पुढचा प्रशिक्षक वुडवर्ड निवडणार नाहीत. वुडवर्ड यांनी टेक्ससमध्ये फिशर यांच्याशी केलेला जुना करारही लँड्री यांनी उकरून काढला. काही दिवसांत वुडवर्ड यांनाही पद सोडावे लागले. पेन स्टेटची गोष्ट निराळी ठरली: फ्रँकलिन यांच्या करारात नव्या नोकरीचा पगार वळता करण्याची तरतूद होती, ते महिनाभरातच व्हर्जिनिया टेकला रुजू झाले आणि सुमारे ४ कोटी ९० लाखांचे देणे ९० लाखांवर मिटले. एका कलमाने केवढा फरक पडतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

दरम्यान या हिशेबातली जुनी गृहीतके बदलली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, संघ बदलणे सोपे झाले, आणि खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्या वर्षासाठी खेळाडूंना थेट सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत देऊ लागली. खेळाडू दरवर्षी निघून जाऊ शकत असेल, तर चार वर्षे शिल्लक हवीत हा दंडक बराचसा लंगडा पडतो; आणि निघून गेलेल्या प्रशिक्षकाला दिलेला प्रत्येक डॉलर आता त्याच तिजोरीतून खेळाडूंच्या वाट्याशी स्पर्धा करतो.

अशा स्थितीत एल्को यांची मुदतवाढ आली. २०१८ ते २०२१ या काळात ते फिशर यांच्याच हाताखाली बचावफळी सांभाळत होते. नंतर ड्यूकचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२३ च्या अखेरीस परतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघ अपराजित होता आणि पेन स्टेट, फ्लोरिडा, एलएसयू, ऑबर्न अशा मोठ्या जागा एकाच वेळी रिकाम्या होत्या, त्यामुळे ते जातील ही भीती या वेळी कल्पित नव्हती. त्यांना वर्षाला सरासरी १ कोटी १० लाखांहून अधिक डॉलरचा करार देण्यात आला. फिशर यांना सुरुवातीला मिळालेल्या १ कोटी ९२ लाखांनंतर उरलेली रक्कम वर्षाला सुमारे ७२ लाख अशा हप्त्यांत द्यायची आहे. एल्को यांचा नवा करार २०३१ पर्यंतचा आहे, आणि फिशर यांचा शेवटचा हप्ताही २०३१ चाच आहे.