मधलं अक्षर माहीत आहे, पहिलं नाही: इंग्रजी शब्दखेळांच्या याद्यांची पार्श्वभूमी

इंग्रजी शब्दकोशात शब्द सापडतो तो पहिल्या अक्षरावरून. शब्दखेळात अडतं ते भलतीकडेच. तिसरं अक्षर आर आणि शेवटचं वाय, मग शब्द कोणता? हातात क्यू आलाय, यू नाही, काय लावायचं? शब्द कोशात असतो, पण या प्रश्नांसाठी कोश लावलेलाच नसतो. म्हणून हे शब्द शोधण्याचा इतिहास हा मुख्यतः याद्या नव्याने लावण्याचा इतिहास आहे.

पहिली मोठी उलटापालट कवींसाठी झाली. जॉन वॉकर यांनी १७७५ साली लंडनमध्ये यमककोश काढला. त्यात शब्द शेवटच्या अक्षराकडून मागे वाचत क्रमाने लावले होते, त्यामुळे एकाच शेपटाचे शब्द शेजारी शेजारी आले. मार्टिन लेनर्ट यांचा १९७१चा उलटा कोशही याच जातीचा. शेवट माहीत असेल तर असे कोश आजही कामाला येतात. मधलं अक्षर माहीत असेल तर मात्र त्यांचा काही उपयोग नाही.

मधल्या अक्षराची निकड लावली ती शब्दकोड्याने. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं. आडवा शब्द उभ्याला मधेच एखादं अक्षर देऊन जातो. मग लांबीनुसार लावलेल्या याद्या निघाल्या, पण त्यात बोट फिरवत एकेक शब्द तपासण्याला पर्याय नव्हता.

अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द करायचा आणि गुण मिळवायचा खेळ रचला तो आल्फ्रेड बट्स यांनी. मंदीत काम गेलेले हे अमेरिकी वास्तुविशारद. त्यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून टाइल्सची संख्या आणि गुण ठरवले. ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, क्यू आणि झेड फक्त एकेक आणि १० गुणांचे. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक शब्दाचं अनेकवचन करून फुकटचे गुण मिळाले असते. १९४८मध्ये जेम्स ब्रुनो यांनी हा खेळ हाती घेतला आणि त्याचं नाव 'स्क्रॅबल' झालं.

खेळ वाढला तशी भांडणंही वाढली. अमेरिकी क्लब आधी फंक अँड वॅग्नल्सच्या कॉलेज कोशावर विसंबत. पण सामान्य कोश प्रत्येक क्रियापदाची रूपं, प्रत्येक अनेकवचन छापत नाही, आणि वाद नेमका त्यांवरच होतो. म्हणून १९७८मध्ये मेरियम या कोशप्रकाशकाने खेळाडूंसाठी वेगळा कोश काढला: पाच अमेरिकी कॉलेज कोशांपैकी निदान एकात असलेले दोन ते आठ अक्षरी शब्द, रूपांसकट. ब्रिटनमध्ये चेंबर्सच्या कोशावर आधारलेली अधिकृत यादी १९८८मध्ये आली. २००३पासून हे काम कॉलिन्स या प्रकाशकाकडे आहे. अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन याद्या आजवर समांतर चालल्या आहेत. दोन अक्षरी शब्द अमेरिकी यादीत २०१८ साली १०७ होते, ब्रिटिश यादीत २०१९ साली १२७. कुठलंही शोधयंत्र वापरण्याआधी ते कोणत्या यादीवर चालतं हे पाहायचं ते यासाठी. अमेरिकी स्पर्धेत कॉलिन्सचा शब्द लावला आणि समोरच्याने हरकत घेतली, तर शब्द उचलावा लागतो आणि पाळीही जाते.

क्यूची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. यूशिवायचे क्यूचे बहुतेक शब्द लिप्यंतरातून आले आहेत: अरबी काफ हे अक्षर, हिब्रू कोफ हे अक्षर, आणि पिनयिन, म्हणजे चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहायची पद्धत. फकीर, निकाब, कव्वाली यांची इंग्रजी स्पेलिंगं आठवून पाहा, तिन्हींत क्यू आहे आणि त्याच्यामागे यू नाही. कोफ या अक्षराचं नावही खेळात चालतं. चिनी 'ची', म्हणजे क्यू-आय, अमेरिकी यादीत २००६मध्ये आला आणि क्यूची धास्ती निम्म्यावर आली. पिझ्झाचं बोलीतलं लघुरूप झेड-ए हेही त्याच वर्षीचं. जाता जाता: ब्रिटिश यादीत पेशवाही आहे, तोही एकाहून अधिक स्पेलिंगांनी.

याद्या ठरल्या तरी रॅकवरच्या, म्हणजे खेळाडूच्या समोरच्या पट्टीवरच्या सात टाइल्सच्या, अक्षरांतून शब्द काढायची युक्ती वेगळीच आहे. सात वेगवेगळी अक्षरं असतील तर त्यांच्या एक ते सात अक्षरी मांडण्या १३,६९९ होतात. सगळ्या कोशात पडताळणं म्हणजे वेळेचा नास. त्याऐवजी प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची आणि त्याच क्रमाने यादी लावायची. इंग्रजीत याला 'अल्फाग्राम' म्हणतात. सायलेंट, लिसन, एन्लिस्ट, टिन्सेल, इन्लेट्स या पाचांचाही अल्फाग्राम एकच: ई-आय-एल-एन-एस-टी. आता रॅकचे फक्त गट तपासायचे, क्रम नाही, आणि असे गट १२७च असतात. कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी एक कोरी टाइल असेल तर सात अक्षरी शब्दासाठी २६ अल्फाग्राम पाहावे लागतात, दोन असतील तर ३५१. स्पर्धक पाठांतरही असंच करतात: चिठ्ठीच्या समोर अल्फाग्राम, पाठीमागे त्यातून होणारे सगळे शब्द.

पटावर शब्द लावायचा तर आणखी एक अडचण येते, कारण तिथे आधीच पडलेलं एखादं अक्षर शब्दाच्या मधे यावं लागतं. अ‍ॅपल आणि जेकबसन यांनी १९८८मध्ये सुमारे ९४ हजार शब्दांची यादी संगणकात एका आलेखात, म्हणजे अक्षरांच्या जोडलेल्या वाटांच्या जाळ्यात बसवली. त्यात समान सुरुवाती आणि समान शेवट एकदाच साठवले जातात, त्यामुळे जागा खूप वाचते. स्टीव्हन गॉर्डन यांनी १९९४मध्ये प्रत्येक शब्द त्याच्या प्रत्येक अक्षरापासून सुरू करून साठवला. जागा सुमारे पाचपट लागली, पण चाली सापडायचा वेग दुपटीच्या आसपास गेला. मधल्या अक्षरावरून थेट शब्दाकडे जाणारी वाट इथे नीट बांधली गेली.

घरच्या संगणकावर एवढं काही लागत नाही. केन थॉम्पसन यांचा 'ग्रेप' हा युनिक्स या संगणक प्रणालीतला १९७०च्या दशकातला आदेश आजही पुरतो; दिलेल्या साच्यात बसणाऱ्या ओळी तो फायलीतून शोधून देतो. माहीत नसलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यायचं, शब्दाची सुरुवात आणि शेवट चिन्हांनी बांधायचा. क्रम माहीत नसेल तर एकाचा निकाल दुसऱ्याला देत प्रत्येक अक्षरासाठी वेगळा ग्रेप चालवायचा. चुका ठरलेल्या असतात. युनिक्सबरोबर येणारी शब्दयादी खेळाची नसते, तिच्यात विशेषनामं असतात. विंडोजवर तयार झालेल्या फायलीत ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह उरतं, म्हणून पाच अक्षरी शब्द सहा अक्षरी मोजला जातो आणि निकाल रिकामा येतो. दोन ई हवे असतील तर ई दोनदा शोधून भागत नाही, एकच ई असलेला शब्दही दोन्ही वेळा पास होतो. दोन ई आणि मधे काहीही, असा एकच साचा द्यावा लागतो.

दुहेरी अक्षराची हीच चूक वर्डलमध्ये, म्हणजे पाच अक्षरी शब्द ओळखायच्या खेळात, सर्रास होते. त्यात अक्षर पिवळं झालं तर ते शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, आणि करडं झालं तर एरवी ते शब्दात नाही. जॉश वॉर्डल यांनी हा खेळ २०२१मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. समजा उत्तर 'अबाइड' आहे, ए-बी-आय-डी-ई, आणि तुम्ही 'स्पीड' टाकलंत. पहिला ई पिवळा होतो, दुसरा करडा. करडा दिसला म्हणून शोधयंत्रात 'ई नको' असं भरलंत तर खरं उत्तरच गळून पडतं. दुसरा ई करडा याचा अर्थ एवढाच, की शब्दात ई एकच आहे, आणि तो तुम्ही टाकलेल्या दोन्ही जागांवर नाही.

वर्डलच्याही दोन याद्या आहेत: स्वीकारले जाणारे शब्द बारा हजारांहून जास्त, उत्तरं मात्र सुरुवातीला सुमारे २,३०० नेहमीच्या शब्दांतूनच. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२च्या शेवटी खेळ विकत घेतला आणि उत्तरांतून काही शब्द काढले. १५ फेब्रुवारीला त्याचा परिणाम दिसला. ज्यांच्या ब्राउझरमध्ये जुनं पान उघडंच राहिलं होतं त्यांचं उत्तर निघालं 'अगोरा', बाकीच्यांचं 'अरोमा'.