टॉकीज (मराठवाडा)

मराठवाड्यातील शहरांच्या जुन्या बाजारपेठेत, मोंढा (धान्यबाजार), बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनच्या आसपास उभी राहिलेली एकपडदा चित्रपटगृहे. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) खडकेश्वरची ‘अंजली’ हे त्यांचे परिचित उदाहरण. जत्रांतील तंबूंत खेळ आधीपासून होत. पक्क्या इमारती बहुधा 1931 मध्ये बोलपट आल्यानंतरच्या.

हा प्रदेश 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्याची खूण चित्रपट-व्यवसायात आजही आहे. वितरणासाठी देशाचे जे विभाग पडतात त्यांत मराठवाडा मुंबई सर्किटमध्ये नाही. तेलंगण आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर या भागांबरोबर तो ‘निजाम’ सर्किटमध्ये मोडतो. ही हद्द कशी ठरली याबद्दल दोन तर्क संभवतात. एक रेल्वेचा: मनमाड–हैदराबाद हा मीटरगेज मार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला, जालना, परभणी, नांदेड ही गावे त्यावर आली आणि रिळांच्या पेट्या याच गाडीने फिरल्या. दुसरा तर्क संस्थानच्या सरहद्दीचा. तो अधिक पटतो. रेल्वेच निर्णायक असती तर औरंगाबादला मुंबईहून माल येणे सोपे होते, कारण मुंबईच्या रेल्वेमार्गावरचे मनमाड सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. लातूरला 1911 मध्ये पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वेही मुंबई इलाख्यातील कुर्डुवाडीकडेच जात होती. पण सरहद्दीवर करोडगिरीचे (जकातीचे) नाके होते, चलन हाली सिक्क्याचे, म्हणजे संस्थानच्या स्वतःच्या रुपयाचे (साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये) आणि खेळाला परवानगी निजाम सरकारची. ती परवानगी किती नाजूक असे, हे बंगाली चित्रपट-दिग्दर्शक धीरेन गांगुली यांच्या उदाहरणावरून कळते. 1922 च्या सुमारास त्यांनी हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली. पुढे एक चित्रपट दाखवल्यावरून त्यांना संस्थान सोडावे लागले. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हाचे पाच जिल्हे आता आठ झाले, सर्किट मात्र तेच राहिले.

प्रक्षेपण-कक्षात सहसा दोन यंत्रे असत. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चाले. संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमके आणि ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू करी. पुढच्या ठिपक्याला उजेड एकीकडून दुसरीकडे वळे. प्रकाश कार्बनच्या कांड्यांचा. त्या जळून आखूड होत, म्हणून मधले अंतर सतत सांभाळावे लागे. जरा दुर्लक्ष झाले की पडदा पिवळा पडे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. एकच प्रिंट दोन टॉकीजना असली तर पाहिलेली रिळे सायकलवरून पुढच्या टॉकीजला जात. या कामगारांच्या कौशल्याची नोंद फारच थोडी झाली आहे आणि ती व्हायला हवी. उपग्रहाद्वारे डिजिटल प्रक्षेपण आल्यावर पेट्या थांबल्या. अनेक इमारतींच्या जागी व्यापारी संकुले झाली.

नाटकासाठी वेगळी बंदिस्त गृहे तुलनेने उशिरा आली: छत्रपती संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिर (उस्मानपुरा), संत तुकाराम नाट्यगृह (सिडको) आणि तापडिया नाट्यमंदिर (निराला बाजार), परभणीत बी. रघुनाथ सभागृह, जालन्यात फुलंब्रीकर नाट्यगृह. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ ही संस्था औरंगाबादच्याच हौशी रंगभूमीतून पुढे मुंबईला गेली.