जात्यांची फरशी आणि लंबगोल चाक

सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने मठातल्या एका दालनात फरशी घातली होती, ती जात्यांच्या दगडांची. लंडनच्या उत्तरेला असलेल्या या बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या ख्रिस्ती पंथाच्या) मठाचा नियमच होता: गावाने दळण मठाच्या गिरणीत आणायचं आणि दळणावळ मोजायची. लोक घरच्या घरी दळू लागले, तेव्हा मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डने त्यांची जाती जप्त केली.

हा रिचर्ड स्वतः लोहाराचा मुलगा. जन्म १२९२ च्या सुमाराचा. लहानपणीच पोरका झाला. एका मठाच्या प्रमुखाने सांभाळून ऑक्सफर्डला धाडला. तिथे तो गणितात आणि ग्रहगणितात रमला. १३२७ मध्ये मठाधिपती झाला. त्याच सुमारास त्याला कुष्ठरोग जडला असं मानलं जातं. एका जुन्या चित्रात तो घड्याळाकडे बोट दाखवतो आहे, चेहऱ्यावर डाग.

मठाला वेळ हवी ती प्रार्थनांसाठी. त्याला घंटा पुरते. रिचर्डला घड्याळात अख्खं आकाश बसवायचं होतं. अडचण सूर्याची. पृथ्वी जानेवारीत सूर्याजवळून जाते तेव्हा जरा वेगाने फिरते, म्हणून आपल्याला सूर्यही नक्षत्रांमधून भरभर सरकताना दिसतो, जुलैत रेंगाळतो. गोल चाक हे कसं दाखवणार? रिचर्डने ३३१ दात्यांचं चाक लंबगोलच केलं. दाते मध्यापासून कुठे जवळ, कुठे लांब. त्यामुळे एकसारखी गती मिळूनही ते कधी झपझप फिरे, कधी सावकाश. चंद्रासाठी अर्धा काळा, अर्धा पांढरा गोळा होता, आणि लंडन ब्रिजपाशी भरती कधी येणार तेही कळे. तासाला टोले एक ते चोवीस!

चर्च मोडकळीला आलेलं असताना घड्याळावर खर्च कसला, असं राजा तिसऱ्या एडवर्डने सुनावलं. रिचर्ड म्हणाला, भिंती बांधणारे माझ्यामागून पुष्कळ येतील. हे काम माझ्यावाचून अडेल. (उर्मट, पण बरोबर.) १३३६ मध्ये तो गेला. घड्याळ पुरं व्हायला आणखी सुमारे वीस वर्षं लागली.

१५३९ मध्ये मठ बंद झाला, घड्याळही नाहीसं झालं. विसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात त्याची रचना सापडली, आणि त्यावरून प्रतिकृती बनली.

जात्यांची फरशी मात्र त्याआधीच गेली होती. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात गावकरी मठात घुसले, दगड उखडले, फोडले आणि प्रसादासारखे तुकडे वाटून घरी नेले.