नाशिकच्या उद्योगांतील प्रकाश-तंत्रज्ञान

नाशिक शहर, सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि निफाड-दिंडोरीकडची शेती या पट्ट्यात कृत्रिम प्रकाशाचा वापर गेल्या दशकभरात बदलला आहे. दिवा अंधार घालवण्यासाठी लावायचा, ही जुनी समजूत. आता तो दोष पकडण्यासाठी, रोपाला ऋतू चुकवायला लावण्यासाठी, कोंबडीचा दिवस लांबवण्यासाठीही लावला जातो. त्यामुळे दिवा किती वॉटचा, याइतकेच तो कोणत्या रंगाचा, कोणत्या कोनातून आणि किती वेळ, हे प्रश्नही महत्त्वाचे झाले आहेत. या गावाला प्रकाशाचे व्यवहारी मोल तसे जुनेच ठाऊक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मधील पहिल्या चित्रपटानंतर मुक्काम नाशिकला हलवला, तेव्हा त्यांचा मुख्य दिवा सूर्य हाच होता.

बदलाच्या मुळाशी एलईडी आहे. लाल व हिरवे एलईडी आधीपासून होते. अडले होते निळ्यावाचून. गॅलियम नायट्राइडपासून तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात सिद्ध झाला आणि त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा (निळ्या उजेडाचा काही भाग पिवळ्यात बदलणाऱ्या पदार्थाचा) थर दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. आज घरोघरी दिसणारा ९ वॉटचा बल्ब हेच करतो. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या उजाला योजनेने तो स्वस्त करून गावागावांत पोचवला. पण उद्योगाच्या दृष्टीने विजेची बचत हा एलईडीचा अर्धाच गुण आहे. हवी ती तरंगलांबी निवडता येणे आणि क्षणार्धात चालू-बंद करता येणे, हा उरलेला अर्धा गुण जास्त मोलाचा.

सातपूर-अंबडच्या यंत्रशाळांत वाहनांचे सुटे भाग बनतात. तिथे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा एक धोका अनुभवी कामगारांना माहीत असे. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. लेथचा चक (धातूचा तुकडा धरून फिरवणारी पकड) नेमक्या मेळाच्या वेगाने फिरत असला तर तो थांबल्यासारखा दिसतो आणि हात पुढे जातो. म्हणून शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकण्याची रीत होती. चांगला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला स्थिर वीजप्रवाह पुरवणारे सर्किट, असलेल्या एलईडीने हा धोका संपवला. स्वस्त ड्रायव्हरने तो पुन्हा आणला, हेही सांगायला हवे.

तपासणीच्या टेबलावर लुकलुकणे मात्र मुद्दाम वापरतात. कॅमेऱ्याच्या शटरशी जुळवलेला एलईडी झपकन पेटतो आणि पट्ट्यावरून धावणारा जॉब, म्हणजे तपासायचा सुटा भाग, चित्रात गोठतो. खरे कसब कोनात असते. गोल दिवा जॉबला जवळजवळ टेकवून आडव्या कोनातून उजेड टाकला, तर सपाट पृष्ठभाग काळा दिसतो आणि ओरखडा तेवढा पांढरा चमकतो. मागून उजेड दिला तर फक्त काळी आकृती उरते. माप घ्यायला तीच सोयीची. चकचकीत गोलाव्यावर घुमटाच्या आकाराचा दिवा लागतो, नाहीतर कॅमेऱ्याला दोषाऐवजी दिव्याचेच प्रतिबिंब दिसते. कॅमेरा महागातला घेऊन दिव्यावर काटकसर केली, तर चांगला मालही रिजेक्शनमध्ये जाऊ शकतो.

नाशिकरोडला नोटा छापणारे चलार्थ पत्र मुद्रणालय १९२८ मध्ये सुरू झाले. भारतीय नोटेवरील क्रमांक प्रतिदीप्त शाईने छापलेला असतो आणि कागदात विखुरलेले तंतूही असतात. अतिनील दिव्याखाली दोन्ही उजळतात. बाजारातल्या नोटा मोजण्याच्या यंत्रांत याच कामासाठी अतिनील एलईडी बसवतात.

शेतीत प्रकाश दोन प्रकारे वापरला जातो: अन्न म्हणून आणि निरोप म्हणून. अन्न म्हणून, म्हणजे प्रकाशसंश्लेषणासाठी दिवे लावणे नाशिकच्या उन्हात सहसा परवडत नाही. ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) बंद खोल्यांपुरते ते ठीक. निरोपाला मात्र थोडा उजेड पुरतो. वनस्पतीतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य सुमारे ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला प्रतिसाद देते आणि त्यावरून रोप रात्रीची लांबी ओळखते. शेवंती लहान दिवसांची. रात्र मध्येच दिव्याने मोडली की तिची कळी लांबणीवर पडते आणि फूल सणाच्या बाजाराला नेता येते. ड्रॅगनफ्रूट मोठ्या दिवसांचे. रात्र मोडली की त्याला हंगामाबाहेर कळी धरते. म्हणजे दिवा तोच, पण एका शेतात तो कळी थांबवतो आणि शेजारच्या शेतात काढतो.

लेअर कोंबड्यांचे गणितही दिवसाच्या लांबीचेच आहे. अंड्यांच्या ऐन काळात त्यांना साधारण १६ तास उजेड लागतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने इथला दिवस हिवाळ्यात जेमतेम ११ तासांचा आणि उन्हाळ्यात १३ तासांहून थोडा मोठा असतो. उरलेले तास दिव्यांनी भरायचे. उजेडाचे तास एकदम घटवले तर अंडी घटतात. म्हणून टायमर आणि वीज गेल्यावरची सोय, ही दिव्याइतकीच गरजेची ठरते. द्राक्षबागेत निशाचर खोडकिड्याचे भुंगेरे पकडायला प्रकाश सापळे लावतात. सौर पॅनेलवर चालणारे सापळे ठरलेले काही तासच चालू ठेवावेत, कारण सापळा मित्रकीटकांनाही सोडत नाही.

रस्त्यांवर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांची जागा एलईडीने घेतली. सोडियमखाली लाल गाडी तपकिरी दिसे. आता रंग खरे दिसतात. तक्रार असते ती झगझगीत निळसर उजेडाची, आणि ती रास्त आहे. किडे निळसर प्रकाशाकडे जास्त ओढले जातात. गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, निफाड तालुक्यात आहे. अशा पाणथळीजवळ उबदार छटेचे, खाली वळवलेले दिवेच योग्य. सिंहस्थासाठी गोदाघाटावर लागणाऱ्या दिव्यांची कसोटी वेगळी असते: ओल, धूळ आणि पुराचे पाणी. धूळ व पाण्याची फवार रोखणाऱ्या आयपी ६५ दर्जाचा दिवा पाण्यात बुडण्यासाठी बनवलेला नसतो, हा फरक खरेदीत निसटतो.

या सगळ्यांत दुबळा दुवा बहुधा एकच असतो: ड्रायव्हर. एलईडीची चिप हजारो तास टिकते, पण ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतो आणि व्होल्टेजच्या झटक्याने जळतो. शेताच्या टोकाला, डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, पत्र्याच्या शेडमध्ये हे दोन्ही घडते. दिव्याच्या खोक्यावर छापलेले आयुष्य बऱ्याचदा चिपचे असते. म्हणून पोल्ट्रीच्या शेडसाठी ड्रायव्हर वेगळा बदलता येईल असे दिवे निवडतात आणि बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतात.