वणव्याने गवत वाढत नाही

खारघरच्या टेकड्यांना किंवा पारसिकच्या डोंगराला मार्च-एप्रिलात आग लागलेली दिसली, की कोणीतरी हमखास म्हणतं, "जळू दे, राखेचं खत होतं, पावसात गवत जोमानं येतं." पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

गवत येतं ते पावसामुळे. न जळलेल्या उतारावरही ते येतंच. फक्त तिथे हिरवे कोंब वाळक्या काड्यांत लपतात आणि काळ्या जमिनीवर ते उठून दिसतात. फसगत होते ती इथेच.

राखेत पोटॅश असतं, हे खरं. पण पहिल्याच जोरदार सरीत उतारावरची राख ओढ्यात जाते आणि तिच्यामागोमाग माती. एरवी वाळकं गवत आणि पालापाचोळा पावसाचा मार झेलतो, पाणी अडवतो, जमिनीत मुरू देतो. ते पांघरूणच जळालं तर? आपले डोंगर काळ्या कातळाचे. त्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी वीतभरही नाही, आणि तेवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

जळक्या जागेवर एकदा वाकून बघा. गोगलगायींचे पांढरेफटक शंख, करपलेली बोटभर रोपटी. लाव्यासारखे पक्षी तर जमिनीवरच अंडी घालतात.

राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. धूर दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.