लाव्हा नमुना-संकलन

तप्त लाव्ह्याचा अंश त्याची मूळ घडण बदलू न देता प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची क्षेत्रीय पद्धत. ती जिवंत ज्वालामुखीपाशीच शक्य होते. पश्चिम व मध्य विदर्भातला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच गोठला असल्याने तेथे खडकाचे नमुने घेऊन त्याच्या मूळ घडणीचा शोध घ्यावा लागतो. म्हणून या नोंदीत दोन्हींचा विचार केला आहे.

हवाई बेटांवरील किलाउएआ ज्वालामुखीपाशी ही पद्धत विशेष विकसित झाली. १९११ मध्ये पेरेट व शेफर्ड या संशोधकांनी तेथील हालेमाउमाउ विवरावर पोलादी तार ताणून लाव्हा-तळ्यात उपकरणे सोडली आणि सुमारे १,०१०° से. तापमान नोंदवले. पुढे मिळालेल्या सुमारे १,१५०° से.च्या आकड्यांशेजारी ते कमी वाटते. १९१२ मध्ये टॉमस जॅगर यांच्या पुढाकाराने तेथे ज्वालामुखी-वेधशाळा सुरू झाली.

प्रवाह संथ व उघडा असेल तर भूवैज्ञानिक वारा पाठीशी ठेवून जातो, चेहरा व हात झाकून हातोड्याच्या टोकाने प्रवाहाच्या तोंडाचा लपका उचलतो आणि लगेच पाण्याच्या बादलीत बुडवतो. लाव्हा भूमिगत नळीतून वाहत असेल, तर छताला पडलेल्या भगदाडातून पोलादी दोराला बांधलेले हातोड्याचे डोके आत सोडतात व त्याला चिकटलेला लाव्हा झपाट्याने वर ओढतात. घाई इथेच हवी. सावकाश निवणाऱ्या लाव्ह्यात स्फटिक वाढतात आणि उरलेल्या द्रवाचे रासायनिक प्रमाण बदलते. पाण्यात पडताच मात्र त्याची काच होते व त्या क्षणीचे द्रव जसेच्या तसे टिकते. किलाउएआच्या लाव्ह्यासाठी १९८७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार काचेतील मॅग्नेशियम ऑक्साइडच्या दर एक टक्क्यामागे तापमानात सुमारे २०° से.चा फरक धरतात. ७ टक्के प्रमाण सुमारे १,१५५° दर्शवते. नमुन्यासोबत स्थळ व वेळ नोंदवणे तितकेच महत्त्वाचे आहे. वायूचे नमुने निराळ्या, निर्वात बाटल्यांत घेतात.

भारतात लाव्हा ताजा असताना नमुने घेण्याची संधी अंदमानातील बॅरन बेटापुरती आहे. तेथील ज्वालामुखी १९९१ मध्ये पुन्हा सक्रिय झाला.

विदर्भातील दख्खन ट्रॅपचे, म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याचे, थर कोठून आले, याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार पश्चिमेकडील भेगांतून निघालेले प्रवाह शेकडो किलोमीटर पूर्वेकडे आले. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळील बेसाल्ट (लाव्हा गोठून झालेला काळा खडक) तर सुमारे १,००० किमी. दूरवरून आला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. दुसरे मत नर्मदा–तापी पट्ट्यातील भित्तींना, म्हणजे भेगांत गोठलेल्या उभ्या खडकांना, अधिक महत्त्व देते. ईशान्य दख्खनमधील काही प्रवाहांचे रासायनिक प्रमाण सह्याद्रीतील आंबेनळी व पोलादपूर थरांशी जुळते, पण शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) जुळत नाहीत. त्यामुळे केवळ रासायनिक साम्यावरून एकच उगम मानणे धाडसाचे ठरेल. निदान काही प्रवाहांचा उगम वेगळा असावा, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

या वादाचा निकाल नमुन्याच्या शुद्धतेवर अवलंबून असल्याने निवड काटेकोर लागते. उघड्यावरचा बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. पिवळट मुरूम बाजूला सारून आतला काळा, टणक गाभा फोडून घ्यावा लागतो. मांजऱ्या खडकातील पोकळ्या झिओलाइट व गारगोटीने भरलेल्या असतात. हे पदार्थ नंतर आत शिरलेले असल्याने तो रासायनिक विश्लेषणासाठी टाळतात. गावोगावच्या विहिरी व गिट्टीच्या खदानी या कामी फार मोलाच्या आहेत, कारण ताजा काळा पाषाण तेथेच वर येतो. मात्र विहिरीच्या काठावरील ढिगाऱ्यातला दगड किती खोलीवरचा आहे, हे खोदणाऱ्यांना तेव्हाच विचारून घ्यावे. खदानीतला छेदही पुढच्या हंगामापर्यंत टिकेलच असे नाही.

पुराचुंबकीय अभ्यासासाठी, म्हणजे खडक गोठताना त्यात टिकलेली चुंबकीय दिशा तपासण्यासाठी, सुमारे २.५ सेंमी. व्यासाचे दंडगोल यंत्राने कापतात आणि खडकापासून सुटे करण्यापूर्वी त्यांची दिशा खुणेने नोंदवतात. बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने साधे होकायंत्र फसू शकते. तेथे सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवतात. वीज पडलेल्या टेकड्यांचे माथे शक्यतो वर्ज्य करतात, कारण तेथील मूळ चुंबकन पुसले गेलेले असते.